टोचणी नातवाला, लाभ आजोबांना

देवीची लस सक्तीची असावी की नसावी, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मोठा वाद माजला होता. १८५३ साली तेथे लस टोचण्याच्या सक्तीचा कायदा झाला. १८८५ साली लेस्टर शहरात त्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. आणि १८९८ साली, ज्या पालकांच्या सदसद्विवेकबुद्धीला लस मान्य नाही त्यांना सूट देणारे कलम सरकारला कायद्यात घालावे लागले. पुढे देवीचा रोगच नाहीसा झाला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी अधिकृत घोषणाही केली. रोग गेला, परंतु वादाचे मूळ मात्र गेले नाही. मूल कोणाचे? आईबापांचे की समाजाचे? आणि समाजाच्या हितासाठी मुलाच्या दंडावर सुई टोचण्याचा अधिकार कोणाला? फ्लूच्या लशीच्या निमित्ताने हेच प्रश्न निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा उभे राहत आहेत.

देवी आणि फ्लू यांत एक मोठा फरक आहे, तो प्रथम लक्षात घेतला पाहिजे. देवीची लस टोचून घेतली की दीर्घकाळ निश्चिंती असे, आणि संरक्षण लाभे ते मुख्यतः टोचून घेणाऱ्यालाच. फ्लूच्या विषाणूचे रूप सतत बदलत असल्यामुळे लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. लस आणि प्रचलित विषाणू यांचा मेळ चांगला बसला त्या वर्षीही आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच कमी होतो. शिवाय शाळकरी वयाचे सुदृढ मूल बहुधा आठवडाभरात बरे होते. बळी जातात ते प्रामुख्याने वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयाचे वा फुप्फुसाचे जुने विकार असलेली माणसे. पण या दुर्बळांच्या घरात रोग आणण्याचे काम पुष्कळदा करते ते मात्र शाळेतून खोकत घरी आलेले मूलच. म्हणजे सुई सोसणारा एक आणि लाभ घेणारा दुसरा, अशी ही विलक्षण विभागणी आहे.

जपानचा पंचवीस वर्षांचा प्रयोग

ही विभागणी धोरण म्हणून स्वीकारणारा देश म्हणजे जपान. १९५७ च्या आशियाई फ्लूच्या साथीचा तडाखा बसल्यानंतर, साथ मुळातच रोखायची तर ती शाळेत रोखली पाहिजे, असा विचार तेथे पुढे आला. १९६२ पासून शाळकरी मुलांना सरसकट लस टोचण्यास आरंभ झाला. १९७० नंतरच्या दशकात या कार्यक्रमाला कायद्याच्या सक्तीचे रूप आले आणि दहा वर्षांहून अधिक काळ ती सक्ती टिकली. प्रतिवर्षी हिवाळ्यापूर्वी वर्गावर्गांतून मुलांच्या रांगा लागत आणि टोचणी उरकली जाई. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे एका छताखाली राहण्याची रीत त्या काळच्या जपानमध्ये बरीच रूढ होती. त्यामुळे नातवाला दिलेली लस आजोबांच्या छातीवरचे कवच ठरू शकेल, ही अपेक्षा तर्काला धरूनच होती.

तथापि हा तर्क पालकांपुढे कधी नीट मांडला गेला नाही. मुलांच्या आरोग्यासाठी लस, एवढेच सर्वसाधारणपणे गृहीत धरले गेले. योजनेचा पाया कच्चा राहिला तो येथेच.

दिसणारी इजा, न दिसणारा लाभ

१९७९ साली गुन्मा प्रांतातील माएबाशी शहरात लस टोचल्यानंतर एका मुलाला आकडी आली. त्या शहराच्या वैद्यक संघटनेने शाळांतील टोचणी थांबविली आणि पुढे लस घेणाऱ्या व न घेणाऱ्या शहरांतील हजारो मुलांची तुलना हाती घेतली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या शहरांत साथीच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसत नाही. या पाहणीत मुख्य भर होता तो शाळेतील गैरहजेरीवर. परंतु गैरहजेरी काही एकट्या फ्लूमुळे होत नाही, आणि घरातील म्हाताऱ्या माणसांचे काय झाले, हे तर शाळेच्या हजेरीपटावरून कधीच कळणार नव्हते. पण पालकांच्या मनावर अहवालाचा परिणाम व्हायचा तो झालाच.

त्याच वर्षी नियम शिथिल झाले आणि पालकांना नकार देण्याची मुभा मिळाली. निरनिराळ्या लशींमुळे इजा झालेल्या मुलांच्या कुटुंबांनी सरकारविरुद्ध दावे लावले होते. डिसेंबर १९९२ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने, ज्यांना लस देणे धोक्याचे आहे अशा मुलांना आधी तपासून वगळण्याची व्यवस्था करण्यात सरकारने हयगय केली, असा निर्णय दिला. १९९४ साली कायदाच बदलला. सक्ती गेली आणि फ्लूची लस नेमून दिलेल्या लशींच्या यादीतून वगळण्यात आली. पाहता पाहता लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण नगण्य झाले.

यात पालकांना दोष देण्याचे कारण नाही. ज्याला आकडी येते त्या मुलाला नाव असते, चेहरा असतो, रडणारी आई असते. लशीमुळे जो वृद्ध त्या हिवाळ्यात मेला नाही, त्याला मात्र चेहरा नसतो. आपण का जगलो, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. इजा वर्तमानपत्रात छापून येते. लाभाची बातमी होत नाही. अशा सामन्यात न दिसणारा पक्ष नेहमीच हरतो.

हिशेब मागाहून लागला

न दिसणाऱ्या पक्षाची मोजदाद झाली ती फार उशिरा. २००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात जपान आणि अमेरिका या दोन देशांतील अर्धशतकाच्या मृत्युनोंदींची तुलना प्रसिद्ध झाली. शाळांतील लसीकरणापूर्वी हिवाळ्यात होणाऱ्या जादा मृत्यूंचे जपानमधील प्रमाण अमेरिकेच्या तिप्पट-चौपट होते; लसीकरण सुरू झाल्यावर ते अमेरिकेच्या जवळपास आले; आणि लसीकरण थांबताच पुन्हा चढू लागले. या अभ्यासाच्या अंदाजानुसार मुलांच्या लसीकरणामुळे दरवर्षी ३७ हजार ते ४९ हजार मृत्यू टळत होते. म्हणजे सुमारे ४२० मुलांना लस दिली की एक जीव वाचत होता.

हा आकडा डोळे दिपविणारा आहे, म्हणूनच तो जपून वापरला पाहिजे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने वेगळ्या पद्धतीने हिशेब मांडला. त्यानुसार वृद्धांच्या फ्लूजन्य मृत्यूंत घट ३६ टक्क्यांची झाली, पण वाचलेल्या वृद्धांची संख्या वर्षाला सुमारे १,००० एवढीच भरली. दोन अंदाजांत एवढी तफावत असताना पहिलाच आकडा पुढे करून पालकांना अपराधी ठरविणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु दोन्ही अभ्यासांची दिशा एकच आहे, हेही विसरता येत नाही. कॅनडातील हटराइट पंथीयांच्या वसाहतींत ९४७ मुलांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने तिला दुजोरा दिला. ज्या वसाहतींतील मुलांना फ्लूची लस दिली गेली, तेथे लस न घेतलेल्या इतर रहिवाशांनाही सुमारे ६१ टक्के संरक्षण लाभल्याचे त्यात आढळले.

हक्क कोणाचा?

अर्थशास्त्रात अशा लाभाला बाह्य लाभ म्हणतात. व्यवहार करणाऱ्या दोघांच्या बाहेर जो परिणाम सांडतो, त्याची किंमत बाजारात उमटत नाही, हे पिगूने १९२० साली साधार मांडले. लस घ्यावी की नाही हे ठरविताना आई आपल्या मुलाचा विचार करते. शेजारच्या बिऱ्हाडातील दमेकरी म्हाताऱ्याचा विचार तिच्या हिशेबात येत नाही, आणि यावा अशी अपेक्षा तिने न्यायाने कोणाकडून ऐकलेलीही नसते. सर्वांनी लस घ्यावी आणि आपल्या मुलाला तेवढे वगळावे, असा विचार करणारा पालक विनातिकीट प्रवाशासारखा असतो, ही टीका खरी आहे. पण ज्या गाडीला तिकीट आहे हेच कोणी सांगितले नाही, तिच्या प्रवाशाला दंड करणे योग्य नव्हे.

स्वातंत्र्यवादी पालक मिल्लच्या १८५९ सालच्या ग्रंथाचा दाखला देतात. त्यांनी तो पुरता वाचलेला बरा. दुसऱ्याला होणारी हानी हीच मिल्लने व्यक्तिस्वातंत्र्याची सीमा मानली, आणि आपल्या मुलांवरील सत्तेला स्वातंत्र्य समजण्याची पालकांची प्रवृत्ती त्याला मुळीच मान्य नव्हती. पण त्याच न्यायाने सरकारलाही जाब द्यावा लागतो. जो लाभ अनिश्चित आहे, दरवर्षी बदलणारा आहे आणि मुख्यतः इतरांना मिळणारा आहे, त्यासाठी मुलावर सक्ती करायची, तर पुराव्याचे ओझे सक्ती करणाऱ्यावर पडते. गोवर किंवा घटसर्पाच्या लशीबाबत ते ओझे पेलता येते. फ्लूच्या लशीबाबत आजवरच्या पुराव्याने ते पुरते पेलत नाही.

सक्तीचा अनुभवही संमिश्र आहे. न्यूयॉर्क शहराने पाळणाघरे व बालवाड्यांतील मुलांना फ्लूची लस आवश्यक केली आणि २०१८ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार उचलून धरला. उलट मॅसॅच्युसेट्स राज्याने ऑगस्ट २०२० मध्ये विद्यार्थ्यांवर घातलेली अट पालकांच्या निषेधानंतर जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतली. ब्रिटनने मात्र तिसरी वाट धरली. मुलांना लस दिल्याने वृद्धांचेही रक्षण होते, हे कारण उघड सांगून २०१३ पासून तेथे मुलांना नाकात फवारण्याची लस मोफत देण्यास आरंभ झाला. पालकांचे संमतीपत्र घेतले जाते. या फवाऱ्यात डुकरापासून काढलेले जिलेटिन असल्याने ज्यांना तो धर्माच्या दृष्टीने चालत नाही, त्यांच्यासाठी इंजेक्शनचा पर्याय ठेवला आहे.

पुण्याचा धडा

हा वाद महाराष्ट्राला परका नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. पुढील वर्षी पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस बाजारात आणली. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना पाच वर्षांखालील मुलांना दरवर्षी फ्लूची लस देण्याची शिफारस करते. पण सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. ती खासगी दवाखान्यात पदरचे पैसे मोजून घ्यावी लागते. ज्या कारकुनाला दोन मुलांच्या लशीचा दरवर्षीचा खर्च महिन्याच्या जमाखर्चात बसविता येत नाही, त्याच्या बाबतीत पालकांच्या निवडस्वातंत्र्याची चर्चा करणे ही थट्टाच होय. निवड करण्यासाठी निदान दोन वाटा तरी खुल्या असाव्या लागतात.

म्हणून सक्ती करावी की नाही, हा प्रश्न क्रमाने पहिला नाही. लस शाळेत आणि मोफत मिळाली पाहिजे. ती मुलाइतकीच घरच्या वृद्धांसाठी आहे, हे संमतीपत्रावर स्पष्ट लिहिले पाहिजे. टोचण्यापूर्वी प्रत्येक मुलाची तपासणी झाली पाहिजे. आणि समाजासाठी सोसताना एखाद्या मुलाला इजा झालीच, तर त्याच्या आईबापांना कोर्टाची पायरी चढावी न लागता समाजाने भरपाई दिली पाहिजे. जो बोजा सर्वांच्या हितासाठी, त्याची किंमतही सर्वांनीच वाटून घ्यायची, हा साधा न्याय आहे. जपानमधील पालकांनी नकार दिला, तो केवळ लशीला नव्हे. विचारात न घेता गृहीत धरले जाण्यालाही तो नकार होता. आपल्या मुलाच्या टोचणीने कोणाचे तरी आजोबा जगतात, हे ज्या आईला खरेपणाने सांगितले जाईल, ती हात पुढे करण्याची शक्यता अधिक. आणि तरीही ती नाही म्हणाली, तर तिच्या नकाराचा मान राखणे, हेही लोकशाहीच्या आरोग्याचेच लक्षण मानले पाहिजे.