चार्जर रुसला? आधी बघा, गप्प कोण बसलंय!

घरात नवी गाडी आली, की जुनी गाडी आपोआप बाईच्या वाट्याला येते. "गावातल्या गावात फिरायला बरी आहे," असं म्हणत किल्ली हातात ठेवली जाते. विजेवरच्या गाड्यांचंही आता तेच होऊ लागलंय. ह्युंदाईची कोना 2019 साली आली, टाटांची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही जानेवारी 2020 मध्ये. त्या पहिल्यावहिल्या गाड्या आता पाच वर्षांच्या पुढे गेल्या. कुणी नवी घेऊन जुनी घरात ठेवलीय, कुणी सेकंडहँड घेतलीय.

गावात काही अडत नाही. अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, जोतिबा, नाहीतर नरसोबाची वाडी करून संध्याकाळी परत. रात्री घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावली, की सकाळी तयार. प्रश्न येतो तो पुण्याला निघाल्यावर! कोल्हापूर-पुणे सुमारे 230 किलोमीटर. पहिल्या नेक्सॉनचा कागदावरचा आकडा 312 किलोमीटर असला, तरी एसी लावून महामार्गानं निघालं, की गाडी दोनशेच्या आसपासच जाते. म्हणजे वाटेत एकदा तरी जलद चार्जर गाठायलाच हवा. आणि नेमकं तिथंच गन लावली, ॲप उघडलं, पैसे गेले, की स्क्रीनवर लाल अक्षरात 'एरर'! शेजारी उभा असलेला कुणीतरी लगेच म्हणतो, "ताई, तुम्हाला जमत नाहीये, साहेबांना फोन लावा."

मैत्रिणींनो, साहेबांना फोन लावायच्या आधी हे चार्जिंग होतं कसं ते समजून घेऊ या. शास्त्र फार अवघड नाही.

मोबाईलच्या चार्जरसारखं इथं नुसतं लावलं आणि वीज आली, असं होत नाही. गन आत बसली, की गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात. गाडी सांगते, मला इतका दाब हवा, इतका प्रवाह चालेल. मग गाडी गनला आतून कुलूप लावते. चार्जर वायरींमधून वीज कुठं गळत नाही ना, ते तपासतो. सगळं ठीक असलं, तरच वीज सुरू होते. त्याच वेळी चार्जर इंटरनेटवरून कंपनीशी बोलत असतो आणि आपलं ॲपही त्याच कंपनीशी. म्हणजे गाडी, चार्जर आणि ॲप अशा तिघांचा हा संवाद. त्यातला एक जरी गप्प बसला, तरी चार्जिंग होत नाही. मग आपलं काम एवढंच, की कोण गप्प बसलंय ते शोधायचं. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची.

सुरुवात गनपासून करा. तिची केबल चांगलीच जड असते. तिच्या वजनानं गन खाली ओढली जाते आणि आतल्या पिना नीट टेकत नाहीत. दोन्ही हातांनी गन थोडी वर उचलून धरा, आत दाबा आणि कुलूप लागल्याचा आवाज येईपर्यंत सोडू नका. गाडी बंद असू द्या आणि 'पार्क'मध्ये ठेवा. तोंडात धूळ किंवा पाणी दिसलं, तर ती गन लावूच नका.

तरीही एरर आली, तर गन काढा, गाडीला कुलूप लावा आणि पाच मिनिटं शांत बसा. तेवढ्यात गाडीचे आतले संगणक झोपतात आणि पुन्हा ताजेतवाने होऊन उठतात. दुसऱ्या खेपेला बऱ्याचदा काम होऊन जातं. चार्जरवरचं मोठं लाल बटणही बघा. ते कुणी दाबून ठेवलं असेल, तर स्क्रीन चालू दिसते पण वीज येत नाही. तिथल्या माणसाला सांगून ते मोकळं करून घ्या.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. तिथंच दुसरी गन असेल, तर ती लावून बघा. आमच्या मंडळातल्या एक ताई भर पावसात पुण्याहून एकट्या परत येत होत्या. साताऱ्याच्या अलीकडे त्यांनी गाडी चार्जिंगला लावली, तर तीनदा एरर. तिथला मुलगा म्हणाला, "गाडी जुनी झालीय, घेत नाही." ताईंनी वाद घातला नाही. गाडी दोन हात पुढे घेतली आणि शेजारची गन लावली. पहिल्या झटक्यात चार्जिंग सुरू! म्हणजे दोष गाडीत नव्हता, ताईंच्यात तर नव्हताच. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी गाडी नाही म्हणाली, तर मात्र गाडीकडे संशयानं बघा.

जुन्या गाडीत एक छुपा चोर असतो, तो म्हणजे पुढच्या झाकणाखालची 12 व्होल्टची छोटी बॅटरी. गाडीचे संगणक, कुलुपं, दिवे तिच्यावर चालतात. ती अशक्त झाली, की मोठी बॅटरी कितीही चांगली असली तरी गाडी मुकी होते. सर्व्हिसिंगच्या वेळी तिची तपासणी आवर्जून मागा. गाडीचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का, हेही विचारा. नव्या चार्जरची भाषा जुन्या गाडीला कधीकधी त्याशिवाय कळत नाही. मात्र आपला उद्यमनगरातला मिस्त्री कितीही हुशार असला, तरी गाडीतल्या नारिंगी वायरींना त्याला हात लावू देऊ नका. त्यात तीनशेच्या वर व्होल्ट खेळत असतात.

चार्जिंग सुरू होतं पण फार हळू होतं, ही दुसरी तक्रार. चार्जरवर 60 किलोवॅट लिहिलंय म्हणून गाडी तेवढं घेईलच असं नाही. किती घ्यायचं ते गाडी ठरवते, आणि जुन्या गाड्यांची भूक मुळातच कमी असते. दोन गाड्या एकाच चार्जरला लागल्या, की वीज वाटली जाते. एप्रिल-मेच्या उन्हात घाट चढून आलेली बॅटरी तापलेली असते, तीही हळूच घेते. आणि 80 टक्क्यांनंतर तर वेग उतरतोच. दूध वर यायला लागलं, की आपण गॅस बारीक करतो ना, अगदी तसंच! म्हणून वाटेत 80 टक्के झाले की निघावं. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी ताटकळण्यात अर्थ नाही.

जुनी गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर आधी चार्जिंगचं तोंड उघडून बघा. आता बहुतेक जलद चार्जर सीसीएस-2 पद्धतीचे आहेत. पण सरकारी कार्यालयांसाठी घेतलेल्या महिंद्रा ई-व्हेरिटो आणि सुरुवातीच्या टिगोर ईव्हीला जीबीटी पद्धतीचं तोंड आहे. 2017 च्या 'भारत डीसी-001' मानकाचे त्यांचे 15 किलोवॅटचे चार्जर शोधावे लागतात. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि महामार्गावर गनच बसेना, असं व्हायला नको.

प्रवास आखताना एक नियम पाळा. चार्जर गाठायचा तो बॅटरी दहा टक्क्यांवर आल्यावर नाही, तर पुढचा चार्जर गाठण्याइतकी शिल्लक असताना. सातारचा बंद निघाला, तर खंबाटकी ओलांडून शिरवळपर्यंत जाता आलं पाहिजे. पावसाळ्यात तर जास्तच सावध राहा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता, ते आपण विसरलेलो नाही. घरची चार्जिंग केबल डिकीत असू द्या. चांगलं अर्थिंग असलेलं पंधरा अँपिअरचं सॉकेट नातेवाइकांकडे किंवा लॉजवर मिळालं, तर रात्रीत सोय होते. गाडी अगदीच थांबली, तर तिला दोरी बांधून ओढू देऊ नका. सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची.

आता थोडं हक्काचं. महामार्गावर दर 25 किलोमीटरवर चार्जिंगची सोय हवी, असं केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत होतं. राष्ट्रीय महामार्गांसाठी राज्याच्या 2025 च्या धोरणातही तेच अंतर आहे. पण चार्जर असणं वेगळं आणि चालू चार्जर असणं वेगळं. शिवाय गाडी चार्ज होईपर्यंत पाऊण तास, तासभर बाई तिथं थांबणार असते. तिथं उजेड आहे का, स्वच्छतागृह उघडं आहे का, माणसांची जाग आहे का, हे बघायला नको? पुरुष गाडीला टेकून उभा राहील. लेकरू घेऊन आलेल्या बाईनं काळोखात कुठं बसायचं?

म्हणून गप्प बसू नका. चार्जरचा क्रमांक, वेळ आणि एररचा फोटो काढून ठेवा. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून तक्रारीचा क्रमांक मागा. पैसे अडकले आणि दाद लागली नाही, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी कंपनीच्या गावी जावं लागत नाही.

आपल्या भिशीत, मंडळात ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत, त्यांनी मिळून एक वही करावी. कुठला चार्जर चालू, कुठला बंद, कुठं रात्री थांबायला हरकत नाही, सगळं लिहून ठेवावं. गॅसचं वजन कमी भरलं, की आपण सिलिंडर दारातच अडवतो. चार्जरचा हिशेबही आपल्याला तसाच मागता येईल. आणि 'गावातल्या गावात' म्हणून हातात आलेली किल्ली घेऊन पुण्यापर्यंत खुशाल जाता येईल!