नेम कोणाचा चुकतो, हाताचा की डोळ्याचा?

चकलांब्यातील मुलांचा नेम घडतो तो कॅरमवर. पुढे शिक्षणासाठी शहरात गेल्यावर काहींची गाठ पूलच्या टेबलाशी पडते. असाच एक महाविद्यालयीन तरुण सुटीत दवाखान्यात आला होता. मनगट दाखवून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, कितीही सराव केला तरी बॉल डावीकडेच जातो. हातातच दोष असेल का?”

प्रथम नेमाचे शास्त्र पाहू. पॉकेटच्या मध्यापासून रंगीत बॉलच्या मध्यातून जाणारी रेषा मनात ओढावी व ती मागे वाढवावी. त्या रेषेवर, रंगीत बॉलला टेकलेला एक काल्पनिक पांढरा बॉल पाहावा आणि त्याच्या मध्यावर नेम धरावा. नवखा खेळाडू दोन बॉल जेथे टेकणार त्या बिंदूवरच नेम धरतो. मग बॉल हवा त्यापेक्षा जाड लागतो व पॉकेट चुकते. मारताना क्यू सैल धरावा, कोपर स्थिर ठेवावे आणि फटका संपेपर्यंत डोके उचलू नये.

तरुणाला हे सारे ठाऊक होते. मनगटही निर्दोष होते. म्हणून मी त्याचा एकेक डोळा झाकून तक्ता वाचावयास दिला. डाव्या डोळ्याने त्याला वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. क्यू मात्र तो नेमका त्याच डोळ्याखाली धरीत असे! क्यू उजव्या डोळ्याखाली घेताच बॉल सरळ जाऊ लागल्याचे त्याने पुढे कळविले.

बीडच्या नेत्रतज्ज्ञांनी ‘आळशी डोळा’ असे निदान केले. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत असली, की मेंदू अंधूक डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. चांगला डोळा काम निभावतो, त्यामुळे मूल तक्रार करीत नाही. साधारण सात वर्षांच्या आत चष्मा व चांगल्या डोळ्यावर पट्टी हे उपचार सर्वाधिक गुणकारी ठरतात. नंतर यशाची शक्यता घटत जाते.

त्या तरुणाला फारसा लाभ झाला नाही. परंतु त्याच्या पाच वर्षांच्या बहिणीलाही तपासले, तेव्हा तिच्यात हाच दोष आढळला, आणि तिला चष्मा वेळेत मिळाला.

पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ व १९६४ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळविले. तसा नेम सर्वांना साधेल असे नाही. शाळेत घालण्यापूर्वी मुलाचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घेणे मात्र प्रत्येक घराला साधण्यासारखे आहे.