हातावरचे पोट

रोगाची साथ गरीब-श्रीमंत हा भेद पाहत नाही, असे म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. रोग सर्वांना गाठतो. परंतु त्याच्यामागून येणारी उपासमार गरिबाचेच घर शोधीत येते.

कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील बांधकामे थांबली. दिवसभर राबावे, तेव्हा रात्री चूल पेटावी, अशी ज्यांची स्थिती, त्या मजुरांचे हात रिकामे झाले. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्येच स्वस्त धान्य हा गरिबांचा हक्क ठरविला होता. एप्रिल २०२० पासून केंद्र शासनाने त्यात माणशी दरमहा पाच किलो विनामूल्य धान्याची भर घातली. त्यामुळे खेडोपाडी पुष्कळ चुली पेटत्या राहिल्या.

परंतु मजूर महाराष्ट्रात, आणि त्याची शिधापत्रिका बिहारमधील गावी! येथील दुकानात ती त्या वेळी चालत नव्हती. मजुरी नाही, धान्यही नाही. मग लाखो मजुरांनी गावाची वाट धरली. कित्येकांनी शेकडो किलोमीटरचे अंतर पायीच तुडविले.

‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना २०१९ मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली होती. २०२२ पर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. आता अंगठ्याचा ठसा जुळला, की देशातील कोणत्याही रास्त भावाच्या दुकानात मजुराला आपल्या वाट्याचे धान्य मिळू शकते. जो हक्क गावाच्या वेशीपाशीच थांबतो, तो पोटासाठी गाव सोडणाऱ्याच्या काय कामाचा?