आउट असलेलं चाक

आमच्या शॉपमध्ये ‘आउट’ या शब्दाइतका वाईट शब्द नाही. बोअर आउट, फेस आउट. सेटरनं डायल लावावी, जॉब हळूच फिरवावा आणि काटा वीस मायक्रॉनच्या पुढे सरकावा, की लाल मार्करची फुली पडलीच. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत इन्स्पेक्शनच्या टेबलावर माझी सव्वीस वर्षं गेली. गोल वस्तूचं भोक तिच्या मध्यातच हवं, हा माझ्यापुरता धर्म. एका शुक्रवारी तो बाटला.

शुक्रवारी आमचं शॉप बंद असतं. राहिलेले रिपोर्ट लिहायला मी आलो होतो. आमचा एक सेटर त्याच्या मुलीला घेऊन आला, सोबत लांबट काळी पेटी. पोरगी तिरंदाजी करते हे मला माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढचं धनुष्य म्हणजे रामाच्या कॅलेंडरातलं. पेटीतून निघालं ते भलतंच: काळं, जागोजागी खिडक्या पाडलेलं, दोन्ही टोकांना चाकं आणि त्यांच्यामधून आडव्यातिडव्या दोऱ्या. नेम धरायची साइट बसवायच्या भोकातले आटे गेले होते, टॅप मारायचा होता. तिनं ते ग्रॅनाइटच्या प्लेटवर ठेवलं, मी चष्मा सारून चाकाकडे पाहिलं आणि सवयीनं बोलून गेलो, “हे आउट आहे.”

“काका, आउट आहे म्हणून तर चालतं!”

तिचं म्हणणं समजायला आधी साधा तीरकमठा समजून घ्यावा लागतो. आपल्या ठाणे-पालघरच्या वारली-कातकरी पाड्यांवर एके काळी घरोघर असायचा तो बांबूचा. ओढत जाल तसा तो जड होत जातो. म्हणजे हात सर्वांत जास्त थरथरतो तो नेमका नेम धरण्याच्या क्षणी. हजारो वर्षं माणसानं ही अडचण धनुष्याची प्रकृतीच म्हणून सोसली. लाकूड बदललं, शिंग लावलं, टोकं उलटी वळवली. पण शेवटी जड ते जडच.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अॅलन नावाच्या शिकाऱ्याला बाण जास्त वेगानं जायला हवा होता. त्यानं धनुष्याच्या टोकांना कप्प्या लावल्या, आणि त्यांचं आसाचं भोक मध्यातून काढून कडेला नेलं. १९६६ साली पेटंटचा अर्ज, १९६९च्या डिसेंबरात पेटंट. आमच्याकडे असला ऑपरेटर दुसऱ्या दिवशी कामावर दिसला नसता.

त्या एका सरकवलेल्या भोकानं काय होतं? या चाकाला कॅम म्हणतात. त्यावर दोन खाचा असतात. एकीतून दोरी सुटत जाते, दुसरीत केबल गुंडाळली जाते. आणि ती केबल समोरच्या टोकाचा लिंब वाकवते. (लिंब म्हणजे धनुष्याच्या पात्या. मी आधी कडुलिंबच समजलो होतो.) आता पहार आठवा. मोठा धोंडा हलवताना टेकू धोंड्याजवळ असला तर एका हातानं काम होतं. टेकू आपल्याकडे सरकला की घाम फुटतो. कॅम फिरतो तसा हा टेकू आपोआप जागा बदलतो. ओढायला सुरुवात करताना दोरी आसाजवळ आणि केबल लांब असते, त्यामुळे वजन झपकन चढतं. मग बराच पल्ला ते तसंच राहतं. शेवटच्या काही इंचांत उलटं होतं: दोरी आसापासून लांब, केबल अगदी जवळ. लिंब पूर्ण ताणलेले, सगळी शक्ती आत भरलेली, आणि हातावर उरतो त्या वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा.

मला हे पटेना. ती म्हणाली, ओढून बघा. धनुष्य ४८ पौंडांचं, म्हणजे जवळजवळ २२ किलो. दोरी बोटांनी धरायची नाही. रिलीज नावाचा छोटा आकडा असतो, त्याचं बटण अंगठ्यानं दाबलं की दोरी सुटते. (द्रोणाचार्यांनी मागून घेतला तोच अंगठा, इथे तो दोरीला शिवतसुद्धा नाही.) “अंगठा मागे ठेवा,” तिनं बजावलं. मी ओढलं. खांद्यात कळ आली, दात आवळले गेले, आणि अचानक वजन नाहीसंच झालं. काळोखात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीन लागावी, तसं. हातात उरले साडेपाच किलो. मी आरामात उभा. एवढा आराम, की अंगठा नकळत बटणाकडे गेला.

“काका, अंगठा!”

पोरगी अशी ओरडली की तिच्या बापाच्या हातातला टॅप खाली पडला. धनुष्याला बाण लावलेला नव्हता. अशा वेळी दोरी सुटली तर भरलेली शक्ती न्यायला कुणी नसतं. ती लिंब, कॅम आणि दोरीवरच आदळते. लिंब फुटतात, दोरी तुटते, कधी तुकडा डोळ्यात जातो. बाण अवघा वीस-पंचवीस ग्रॅमचा, पण सगळा हिशेब तोच घेऊन जातो. मग हळूहळू परत सोडायचं ठरलं, तर हलक्या जागेतून बाहेर येताच धनुष्यानं मला पुढे खेचलं. उजवा खांदा दोन दिवस दुखत होता. घरी सांगितलं, गोणी उचलली.

तिचं हे धनुष्य जुनं, कुणीतरी वापरून दिलेलं. आता नवं घ्यायचं होतं, आणि वरच्या दर्जाचं म्हटलं की साइट, स्टॅबिलायझर, बाण धरून दोन-अडीच लाख सहज जातात. त्यामुळे बापलेकीनं माहितीपत्रकांचा गठ्ठाच आणला होता. प्रत्येकावर पहिला मोठा आकडा वेगाचा. हा आकडा म्हणजे गाडीच्या मायलेजसारखा: ७० पौंड वजन, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनचा बाण धरून काढलेला. ४८ पौंड ओढणाऱ्या मुलीच्या हातात तो कधीच दिसणार नाही. स्पर्धेत तर ६० पौंडांच्या वर परवानगीच नाही.

खरी निवड ओढीपासून सुरू होते. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं माप इंचांत घ्यायचं आणि अडीचनं भागायचं. पोरगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, बापानं पेन्सिलीनं खुणा केल्या, मी स्टीलचा टेप लावला: ६४ इंच. म्हणजे ओढ साडेपंचवीसच्या किंचित वर. ही झाली सुरुवात, पुढे अर्ध्या-पाव इंचाचा फरक कोच उभं राहून बघतो. ओढ लांब झाली तर कोपर मागे फिरतं आणि तोल जातो.

मग लांबी. शिकारीसाठी बनवलेलं धनुष्य दोन आसांमध्ये साधारण ३० इंच, कारण ते झाडीतून न्यायचं असतं. नेमबाजीचं ३८च्या आसपास. लांब धनुष्य हातात कमी डुलतं. आणि मूठ ते दोरी हे अंतर. ते कमी असेल तर दोरी बाणाला जास्त वेळ ढकलते, वेग वाढतो. पण तेवढा वेळ बाण तुमच्या हाताच्या थरथरीशीही बांधलेला राहतो. म्हणजे वेग पैशानं मिळत नाही, चुकीला मिळणाऱ्या क्षमेच्या बदल्यात मिळतो.

शिकारीच्या धनुष्यात आणखी एक गोष्ट विकतात: शांतता. मला वाटलं उगाच काहीतरी. पण हिशेब करा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, चांगला बाण ९० मीटर. दोरीचा टणत्कार बाणाच्या कितीतरी आधी हरणाच्या कानावर पोचतो आणि बाण येईतो ते खाली दबलेलं असतं. म्हणून दोरीला रबर आणि लिंबांना डॅम्पर लावतात. आपल्याकडे हा प्रश्नच उरत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा विषय मिटवला, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. हरणासाठी निघालेलं यंत्र महाराष्ट्रात कागदी वर्तुळाकडे वळलं.

आणि कसं वळलं! साताऱ्याची अदिती स्वामी उसाच्या फडांमधल्या मैदानावर शिकली. नागपूरचा ओजस देवतळे, बुलढाण्याचा प्रथमेश जावकर. २०२३च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात जावकरनं नेदरलँड्सच्या माइक श्लोसरसारख्या दिग्गजाला १४९-१४८नं हरवलं. ऑगस्टमध्ये बर्लिनला अदिती सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी ओजसनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० घेतले. ५० मीटरवरून पंधरा बाण, पंधराही ८ सेंटीमीटरच्या वर्तुळात. आमटीची वाटी आमच्या गेटपासून तेवढ्याच अंतरावरच्या प्लेटिंगवाल्याच्या गाळ्यापाशी ठेवा आणि गेटातून पंधरा वेळा तिच्यात बाण सोडा. बाणाला पोचायला अर्धा सेकंद लागतो. लॉस एंजेलिसला २०२८ साली या चाकाच्या धनुष्याला पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये जागा मिळणार आहे, मिश्र सांघिक प्रकारात.

एव्हाना सेटरनं टॅप मारून आटे साफ केले होते. मला राहवेना. डायल लावून दोन्ही कॅम बघू का, म्हटलं. धनुष्य न खोलता जेवढं मोजता येईल तेवढं मोजलं. रायझर, म्हणजे धनुष्याचा मधला भाग, अॅल्युमिनियमच्या सबंध ठोकळ्यातून कोरलेला, खिडक्यांच्या आत कटरच्या बारीक रेघा दिसत होत्या, ओळखीच्या. कॅमची कड फिरताना काटा अर्थातच पार पलीकडे गेला. पण आसाच्या भोकात बेअरिंग असं बसलं होतं की नख अडकेना. वरचा कॅम आणि खालचा कॅम आउट होते, पण दोघंही अगदी सारखेच आउट. का, ते पोरीनं सांगितलं. दोन्ही कॅम एकाच क्षणी भिंतीला, म्हणजे ओढ जिथे थांबते तिथे, टेकले पाहिजेत. एक जरा मागे राहिला की बाणाची शेपटी वर किंवा खाली उडते. म्हणून दोरीसुद्धा बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात त्या जातीच्या धाग्याची, ताणून राहिली तरी न लांबणारी. ती केसभर लांबली तरी कॅम जागचे हलतात. ते परत जागेवर आणायला दोरी सोडून तिला अर्धा पीळ द्यायचा. बस, अर्धाच.

मी रिपोर्टचा कोरा कागद ओढला, सवयीनं दोन रकाने आखले, वरचा कॅम, खालचा कॅम, आणि आकडे भरले. शेरा या रकान्याशी थांबलो. पोरगी खांद्यावरून बघत होती. मी लिहिलं: आउट. ओके.