विश्लेषण : ब्रेक लावताच पुढून ‘ठक’ आवाज? जुन्या स्पोर्ट्स कारमधील सस्पेन्शन पॅड का आणि कसे बदलतात?

सोलापूर : जपून ठेवलेली जुनी गाडी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बाहेर निघते. सिग्नलला ब्रेक लावला की पायाखालून ‘ठक’ असा एकच आवाज येतो. ब्रेक सोडून गाडी पुढे घेतली की पुन्हा ‘ठक’. गॅरेजमध्ये पहिला संशय शॉकॲब्सॉर्बरवर जातो, मग बुशवर. दोन्ही बदलून खिसा हलका होतो, आवाज मात्र तसाच राहतो. एमजीबीसारख्या क्लासिक स्पोर्ट्स कारमध्ये हा दोष अनेकदा रबराच्या एका चपट्या तुकड्याचा असतो.

एमजीबी म्हणजे कोणती गाडी?

२०१९ पासून आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या हेक्टरवर जो अष्टकोनी ‘एमजी’ बिल्ला आहे, त्याच नावाची ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. भारतात ती दुर्मीळच. पण तिचे १७९८ सीसीचे इंजिन आपल्या जुन्या ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्याच ‘बी सिरीज’ घराण्यातले आहे. त्यामुळे ॲम्बेसेडरवर हात बसलेल्या मेकॅनिकला तिचे बॉनेट उघडल्यावर परके वाटत नाही. गाडीखाली शिरल्यावर मात्र गोष्ट वेगळी.

पॅड नेमके कुठे असतात?

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडीच्याच खाली दोन मजबूत लोखंडी पट्ट्या लांबीने जातात. पुढच्या बाजूला त्यांच्याखाली एक आडवा जाड तुकडा, म्हणजे क्रॉसमेंबर, चार लांब बोल्टांनी अडकवलेला असतो. स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, खालचे आर्म आणि स्टीअरिंगचा रॅक, पुढच्या चाकांचा हा सगळा संसार याच क्रॉसमेंबरवर उभा असतो. तो आणि बॉडी यांच्यात लोखंडाला लोखंड भिडू नये म्हणून मध्ये रबराचे पॅड असतात.

ब्रेक लावल्यावर चाके थांबू पाहतात, बॉडी पुढे जाऊ पाहते. हा सगळा ताण चार बोल्ट आणि त्या पॅडवर येतो. रबर दबून पातळ झाले किंवा फाटले की क्रॉसमेंबर जागेवरून किंचित सरकतो आणि ‘ठक’ वाजते. आवाज सहन करता येईलही, पण स्टीअरिंगचा रॅक याच तुकड्यावर आहे, हे विसरता येत नाही. क्रॉसमेंबर हलला की रॅक आणि स्टीअरिंग कॉलम यांची सरळ रेषा बिघडते, चाक जड फिरते, गाडी एका बाजूला ओढते.

गाडी फारशी चालत नसतानाही रबर खराब कसे होते?

इथेच बहुतेक मालकांचा हिशेब चुकतो. मीटरवर किलोमीटर कमी, म्हणजे झीज कमी, असे ते धरतात. रबर किलोमीटरपेक्षा वर्षे मोजते. हवेतील ऑक्सिजनमुळे ते कडक होते, ताणाखालच्या रबराला ओझोनमुळे बारीक चिरा पडतात आणि इंजिनातून ठिबकणाऱ्या तेलाने ते फुगून मऊ पडते. जुन्या ब्रिटिश गाडीत तेल ठिबकणार नाही, असे सहसा होत नाही. त्यात उष्णता. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जाणाऱ्या सोलापुरात पत्र्याच्या शेडखाली उभी गाडी म्हणजे रबरासाठी भट्टीच.

बदलताना काय काळजी घ्यावी?

बोल्ट अनेक वर्षे उघडलेले नसतात. त्यामुळे आदल्या दिवशीच त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. गाडीचे वजन बॉडीखालच्या पट्ट्यांना स्टँड लावून पेलावे आणि क्रॉसमेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावावा. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. स्टीअरिंग कॉलमच्या जॉइंटचा बोल्ट आधी सैल करावा. मग चारही नट काढून क्रॉसमेंबर हळूहळू खाली घ्यायचा. या वेळी ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जात नाहीत ना, यावर डोळा ठेवायचा. स्प्रिंग क्रॉसमेंबर आणि खालच्या आर्ममध्येच दाबलेली राहते, म्हणून ती सोडण्याची गरज नाही. सोडूही नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतू शकते.

जुने पॅड खरवडून काढावे, गंज साफ करावा. नव्या रबराला ग्रीस लावू नये. नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधील आकड्यानुसार आवळावेत.

टायरचा तुकडा कापून बसवला तर?

मोह होतो खरा. पण टायरमध्ये दोऱ्यांचे किंवा तारांचे थर असतात, जाडीही सगळीकडे सारखी नसते. चार बोल्टांवर चार उंच्या झाल्या तर क्रॉसमेंबर तिरका बसणार. पॉलियुरेथेनचे पॅड तेलाला दाद देत नाहीत, पण ते कडक असल्याने रस्त्याचा प्रत्येक खड्डा स्टीअरिंगपर्यंत पोहोचवतात. रोज न चालणाऱ्या गाडीला मूळ मापाचे रबरच बरे. ब्रिटनमध्ये या गाडीचे सुटे भागच काय, १९८८ पासून अख्खी नवी बॉडीही बनू लागली.

पॅडची कटकट नको म्हणून क्रॉसमेंबर थेट बॉडीला वेल्डिंग करण्याचा सल्ला कुणी दिला, तर गाडी तिथून परत आणावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या गाडीलाच ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. तिचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. झिजलेले रबर काढून तसेच नवे घालणे म्हणजे देखभाल. वेल्डिंगचे तसे म्हणता येणार नाही.

हेच प्रीमियर पद्मिनीला लागू होते का?

रचना वेगळी आहे, रबर मात्र तेच. सोलापूरमध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची ही गाडी अजून काही घरांत जपलेली आहे. तिच्या इंजिन माउंटिंग आणि सस्पेन्शन बुशमधील रबराचेही वय होतेच. त्यामुळे शॉकॲब्सॉर्बरची ऑर्डर देण्याआधी टॉर्च घेऊन गाडीखाली पाहावे. रबर कडेने बाहेर फुगले आहे का, चिरा आहेत का, नखाने खरवडल्यावर भुगा पडतो का, हे तपासायला पाच मिनिटे पुरतात. पॅड बदलले असतील तर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि काहीशे किलोमीटरनंतर ते चार नट पुन्हा तपासावेत, कारण नवे रबर सुरुवातीला थोडे दबते.