विहिरीचा घेर मोजा, मगच हिशेब करा

उन्हाळा लागला की आपल्या वर्धा जिल्ह्यात विहिरीच्या कामांना वेग येतो. कुठे नवी विहीर, कुठे जुनीची खोली वाढवणे. २००६ नंतर विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत धडक सिंचन विहिरींचा कार्यक्रम झाला, त्यात वर्धाही होता. रोजगार हमीतूनही विहिरी झाल्या. काम सरकारी असो की घरचे, पैसा शेवटी खोदकामाच्या मापावर ठरतो, आणि गफलत नेमकी तिथेच होते.

समजा, विहीर २० फूट व्यासाची आणि ३० फूट खोल आहे. पुष्कळजण सरळ म्हणतात, ‘वीस विसं चारशे, गुणिले तीस, झाले बारा हजार घनफूट.’ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणून १२० ब्रास. पण ४०० चौरस फूट हे चौकोनी खड्ड्याचे माप झाले. गोल विहिरीत चारही कोपरे खणलेलेच नसतात. तिचे क्षेत्रफळ ३१४ चौरस फूट आणि खोदकाम सुमारे ९४ ब्रास. म्हणजे २६ ब्रासचे पैसे फुकट गेले!

सोपी रीत

अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास, हे वर्तुळाचे क्षेत्रफळ. हा नियम आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये सांगून ठेवला आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’तही तोच हिशेब वेगळ्या शब्दांत आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापला, त्याचा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

हे असे का, ते भाकरीवरून कळते. भाकरीचे मधोमध कापत बारीक बारीक तुकडे करा आणि एक सुलटा, एक उलटा असे शेजारी लावा. जवळपास लांबट चौकोन होतो. त्याची लांबी अर्ध्या परीघाएवढी, रुंदी अर्ध्या व्यासाएवढी.

उघड्या विहिरीवर आडवा टेप धरणे धोक्याचे. त्यापेक्षा काठाने दोरी फिरवा. दोरी ६६ फूट भरली तर तिला २२ ने भागा, ७ ने गुणा. व्यास २१ फूट. आता ३३ गुणिले साडेदहा, म्हणजे साडेतीनशेला थोडे कमी, ३४६.५ चौरस फूट. मात्र दोरी कठड्याच्या बाहेरून घेतली तर कठड्याची जाडी दोन्हीकडून वजा करावी लागते. कठडा दीड फुटाचा असेल तर आतला व्यास १८ फूटच उरतो आणि क्षेत्रफळ सुमारे २५४ वर येते.

दोन मापे वेगळी ठेवा

खोदणाऱ्याचाही हक्क बुडू नये. बांधकामासाठी भोवताल दीड-दीड फूट जास्त खणले, तर २० फुटी विहिरीचे खोदकाम २३ फूट व्यासाचे, म्हणजे ४१५ चौरस फुटांचे होते. म्हणून खोदकामाचे माप बांधकाम चढण्याआधीच घ्यावे. सरपंच आणि रोजगार सेवकांनी मोजमाप पुस्तकातला आकडा या रीतीने एकदा पडताळून पाहावा. ६ मीटर व्यास असेल तर क्षेत्रफळ २८.२७ चौरस मीटर यायला हवे. ३६ दिसले तर समजा, चौकोन धरला.

पाण्याचा हिशेब मात्र आतल्या व्यासावर. २० फुटी विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. दहा फूट पाण्यात दोन इंचाची पाळी द्यायची म्हटली तर जेमतेम १७ गुंठे वावर भिजते. एकराला तेवढ्याच पाळीसाठी २३ फूट पाणी उपसावे लागेल. तेव्हा हरभरा की गहू, किती एकर, हे पेरण्याआधी विहिरीत दोरी सोडून ठरवलेले बरे. झरे किती वेळात विहीर भरतात, तेही एकदा उपसा करून पाहा आणि वहीत लिहून ठेवा.