जनपदोद्ध्वंस आणि बौद्धिक अक्षम रुग्ण : ज्ञापकत्वाचा विचार

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश एक मूलगामी प्रश्न विचारतो. प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय ही सर्व भिन्न असताना माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी ग्रासली जातात? वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात, ते विकृत झाले की जनपदोद्ध्वंस होतो, असे आत्रेयांचे उत्तर आहे. कारण समान असले तरी त्याचा आघात मात्र सर्वांवर समान होत नाही, हे कोविड-१९ च्या महामारीत आपण सर्वांनी अनुभवले. ज्यांच्यावर हा आघात अधिक झाला अशा एका रुग्णवर्गाचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत. हा वर्ग म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती.

पूर्वी कायद्यात व व्यवहारात 'मतिमंद' हा शब्द रूढ होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने 'बौद्धिक अक्षमता' ही संज्ञा स्वीकारली आहे. केवळ वाचन, लेखन वा गणित यांत अडचण असणाऱ्या, एरवी सामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यांचा विचार येथे अभिप्रेत नाही. समजणे, सांगणे आणि दैनंदिन व्यवहार यांत ज्यांना आयुष्यभर दुसऱ्याचा आधार लागतो, त्यांच्याविषयी हे लेखन आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात अशा सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांतील बहुसंख्य घरीच, आईवडिलांच्या आधाराने राहतात आणि त्यांपैकी अनेकांचा पहिला वैद्य आपल्यापैकीच कोणीतरी असतो.

धोका किती आणि का?

इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. वय व लिंग यांचा फरक विचारात घेऊनही, तेथील पहिल्या लाटेत बौद्धिक अक्षम व्यक्तींचा नोंदलेला कोविड-मृत्युदर सामान्य लोकांच्या ४.१ पट होता. १८ ते ३४ या वयोगटात तर तो ३० पट आढळला. जे वय आपण बलवान मानतो, त्याच वयात हे अंतर सर्वांत मोठे होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील लसीकरण समितीने अशा नोंदणीकृत व्यक्तींना अग्रक्रम देण्याची शिफारस केली. आपल्याकडे १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली. त्या यादीत अधिक आधाराची गरज असलेल्या बौद्धिक अक्षम व्यक्तींचा समावेश होता. मात्र पंचेचाळिशीच्या आतील मुलामुलींना १ मे २०२१ पर्यंत इतर तरुणांबरोबरच थांबावे लागले.

या वाढीव धोक्याची काही कारणे शारीरिक आहेत. डाउन सिंड्रोममध्ये जन्मजात हृद्विकार, अवटु ग्रंथीची मंदता, स्थौल्य व झोपेतील श्वासावरोध यांचे प्रमाण अधिक असते. मेंदूच्या पक्षाघातात गिळण्याचा दोष आणि वारंवार होणारा फुफ्फुसशोथ आढळतो. निवासी संस्थांत अनेकांनी एकत्र राहणे हेही एक कारण होय. परंतु आमच्या मते वैद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कारण वेगळे आहे. या रुग्णाचा व्याधी उशिरा ओळखला जातो, कारण तो आपला व्याधी सांगू शकत नाही.

चतुष्पादातील उणा पाद

चिकित्साचतुष्पादात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. बौद्धिक अक्षम रुग्णाच्या ठिकाणी नेमके हेच चार गुण कमीअधिक प्रमाणात उणे असतात. लक्षणे कधी सुरू झाली हे त्याला आठवत नाही. 'घरातच राहा', 'नाकास हात लावू नका' या सूचना त्याला पाळता येत नाहीत. संपूर्ण वेश चढवून आलेला परिचारक पाहून तो भयभीत होतो. आणि घसा दुखतो की छाती, हे त्याला सांगता येत नाही.

असा रुग्ण अल्पगुणी म्हणून त्याची चिकित्सा उणी करावी, असा अर्थ शास्त्राला मुळीच अभिप्रेत नाही. एक पाद उणा असेल तर उरलेल्या पादांनी भार उचलावयाचा असतो. उपस्थात्याचे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे गुण सांगितले आहेत ते याचसाठी. या रुग्णांच्या घरी अनुराग सहसा उणा नसतो. उपचारज्ञता मात्र शिकवावी लागते आणि ती शिकविणे हे वैद्याचे काम आहे. रुग्णाचे ज्ञापकत्व उपस्थात्याच्या ठिकाणी निर्माण करणे, तेही महामारी दाराशी येण्यापूर्वी, हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

अनुमानाने व्याधिज्ञान

प्रश्नपरीक्षा जेथे थांबते तेथे प्रत्यक्ष आणि अनुमान यांचाच आधार उरतो. पुढील बदल एक दिवसही टिकल्यास पालकांनी वैद्यास कळवावे, असे आम्ही सांगत असतो :

१) आवडीचा पदार्थ नाकारणे किंवा घास तोंडात धरून बसणे (घसादुखी, रुचिनाश, वास जाणे)
२) एरवी चपळ असलेल्याने बसून वा पडून राहणे, दोन पावलांत थांबणे
३) अकारण चिडणे, स्वतःस मारून घेणे, कान वा डोके आपटणे (वेदनेची भाषा)
४) झोपेची वेळ बदलणे, नियंत्रण असलेल्या मुलाने अंथरूण ओले करणे
५) आकडीचे प्रमाण वाढणे

एप्रिल २०२१ मधील एक अनुभव येथे नमूद करतो. डाउन सिंड्रोम असलेल्या एका तरुणाच्या आईने दूरध्वनीवर एवढेच सांगितले, "ताप नाही, खोकला नाही, पण आज तो टीव्हीवरच्या गाण्याला नाचला नाही." आम्ही ऑक्सिमीटर लावावयास सांगितले. आकडा ८९ आला आणि त्याला त्याच दिवशी रुग्णालयात हलविण्यात आले. आईस शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु मुलाचे प्रकृतिस्थ वर्तन ठाऊक होते. विकृतीचे ज्ञान प्रकृतीच्या ज्ञानावरच उभे असते.

म्हणूनच प्रत्येक अशा रुग्णाची स्वस्थावस्थेतील नोंद वैद्यापाशी असावी. त्यात नाडीचे ठोके, श्वसनाची गती, वजन, मलप्रवृत्ती, झोप आणि ऑक्सिजनचे प्रमाण असावे. ९४ टक्क्यांखालील आकडा धोक्याचा मानून रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे, हा सामान्य नियम आहे. काही जन्मजात हृद्विकारांत मात्र मूळचाच आकडा कमी असतो. तो आधी ठाऊक नसेल तर निर्णय चुकतो.

ओकसात्म्य आणि पादांशिक क्रम

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईची जय वकील (स्थापना १९४४) व पुण्याची कामायनी (१९६४) यांसारख्या संस्थांपासून तालुक्याच्या लहान शाळांपर्यंत विशेष शिक्षणाची साखळी खंडित झाली. इतर मुलांना सुटी लागली, पण या मुलांचे ओकसात्म्य एका रात्रीत मोडले. रोजची गाडी, रोजचा डबा, रोजचे काम हा त्यांचा आधार होता. तो गेल्यावर शिकलेली कौशल्ये विसरणे, हट्ट आणि निद्रानाश हे परिणाम दिसले.

सात्म्य एकदम सोडवू नये व नवे एकदम लादू नये. त्यासाठी चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात पादांशिक क्रम दिला आहे. मुखपट्टीच्या बाबतीत तो असा योजता येतो. प्रथम पट्टी हातात खेळावयास द्यावी व घरातील सर्वांनी ती लावून दाखवावी. मग ती क्षणभर गालास, नंतर दहा अंक मोजेपर्यंत नाकातोंडावर, नंतर एका आवडत्या गाण्यापुरती लावावी. एक पायरी स्थिर झाल्यावाचून पुढची घेऊ नये. ऑक्सिमीटर, तापमापक व नाकातील नमुना घेण्याची कांडी यांचाही सराव असाच करावा. ज्याला मुखपट्टी कधीच सहन होत नाही, त्याच्यावर बळजबरी न करता भोवतालच्यांनी ती काटेकोरपणे लावावी.

विस्कटलेल्या दिवसाला दिनचर्येनेच सावरता येते. दंतधावन, अभ्यंग, स्नान, न्याहारी, घरकाम, व्यायाम व निद्रा यांची चित्रे भिंतीवर क्रमाने लावावीत आणि काम संपले की चित्र उलटावे. अभ्यंग येथे विशेष उपयोगी ठरतो. त्वचा, सांधे, वजन यांतील बदल पालकांच्या हातास रोज कळतात.

सार्वत्रिक उपक्रमांत तारतम्य

महामारीत समाजासाठी सुचविलेले उपक्रम या रुग्णांत जसेच्या तसे वापरू नयेत.

गंडूष व कवल : थुंकण्याची क्रिया न जमणाऱ्या वा गिळण्याचा दोष असलेल्या रुग्णात वर्ज्य. द्रव श्वासमार्गात जाऊ शकतो.

नस्य : तेल श्वासमार्गात उतरून फुफ्फुसास इजा होऊ शकते. मान व श्वास यांवर नियंत्रण नसलेल्यांत टाळावे.

वाफ : एकट्याने कधीही देऊ नये. उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून भाजण्याचा धोका मोठा आहे.

काढा : बद्धकोष्ठ या रुग्णांत वारंवार आढळतो. उष्ण-तीक्ष्ण द्रव्यांचा काढा दिवसातून अनेकदा देऊ नये. तो बसवूनच आणि घोटाघोटाने द्यावा.

मेध्य द्रव्ये : फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांत शंखपुष्पीयुक्त कल्पामुळे औषधाची रक्तातील पातळी घटून आकडीवरील नियंत्रण सुटल्याचे निरीक्षण १९९२ साली प्रसिद्ध झाले. आकडीचे चालू औषध कोणत्याही कारणाने बंद करू नये व नवा कल्प देण्यापूर्वी त्याची चौकशी करावी. अवटुविकाराची औषधे चालू असता अश्वगंधाही विचारपूर्वकच द्यावी.

लसीविषयी पालकांची शंका दूर करणे, हेही आपले कर्तव्य आहे. आपल्या शब्दावर त्यांचा विश्वास असतो.

उपस्थाता आजारी पडल्यास

या सर्व व्यवस्थेचा कणा बहुधा एकच व्यक्ती असते. ती बाधित झाली तर पुढे काय, हा प्रश्न अनेक घरांत अनुत्तरित राहिला. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एका पानाचे परिचयपत्र तयार ठेवावे. त्यात पुढील मजकूर असावा : तो होकार, नकार व वेदना कशी दर्शवितो, कशास घाबरतो, कशाने शांत होतो, काय व कसे खातो, चालू औषधे व मात्रा, मूळचे ऑक्सिजन-प्रमाण, पर्यायी परिचारकाचे नाव. परक्या परिचारिकेच्या हाती हे पान म्हणजेच रुग्णाचे ज्ञापकत्व होय. पर्यायी परिचारकाने आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष घास भरवून सराव करावा.

काही तरतुदी वैद्यास ठाऊक असाव्यात. २०१६ च्या अधिनियमाचे आठवे कलम आपत्तीत समान संरक्षणाची हमी देते व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवावी असे सांगते. २६ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत काळजीवाहकांना टाळेबंदीतून मोकळीक देण्यास सांगितले होते. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ अन्वये जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. हे काम शांततेच्या काळातच उरकून घ्यावे.

एक विषय नाजूक आहे. या काळात काहींनी आई वा वडील गमावले. 'आई गावाला गेली' असे सांगितलेले मूल दाराशी वाट पाहत बसते आणि 'झोपली' असे सांगितलेले मूल झोपेस घाबरते. 'आई वारली, ती आता परत येणार नाही, मी तुझ्याजवळ आहे' हे साधे, खरे वाक्य पुन्हा पुन्हा, शांतपणे सांगावे. त्यालाही शोक होतो. तो काही आठवड्यांनी, वर्तनाच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. अशा वेळी औषधापेक्षा सत्त्वावजयाचाच आश्रय घ्यावा.

उपसंहार

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. जनपदोद्ध्वंसाचे चार भाव मात्र पुन्हा विकृत होणारच नाहीत, असे कोणी म्हणू शकत नाही. आपल्या परिसरातील अशा रुग्णांची यादी करणे, प्रत्येकाची स्वस्थावस्थेतील नोंद ठेवणे आणि परिचयपत्र भरून घेणे, एवढे काम प्रत्येक वैद्यास सहज शक्य आहे. अशा दहा रुग्णांसाठी दहा सायंकाळी पुरतात. वैद्यबंधुभगिनींनी या त्रैमासिकाचा पुढील अंक हाती येईपर्यंत त्यांतील निदान एक सायंकाळ या कामी द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.